लपवलेली स्प्रिंग

हार्ले-डेव्हिडसनची जुनी सॉफ्टेल कधी दिसली तर तिच्याकडे बाजूने नीट बघा. मागच्या चाकाच्या अॅक्सलपासून सीटच्या खालपर्यंत एक तिरकी नळी जाते आणि थेट चेसिसला मिळाल्यासारखी वाटते. शॉकअॅब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकप, कुठेच दिसत नाहीत. हार्लेच्या मोठ्या गाड्या १९५८ च्या आधी अशाच दिसायच्या, कारण तेव्हा मागे शॉकप नव्हतेच. चाक चेसिसला घट्ट, सीटखाली थोडी स्प्रिंग, बाकी रस्त्यातला प्रत्येक खड्डा तुमच्या मणक्याच्या नावावर.

पण सॉफ्टेल आली १९८४ च्या मॉडेल्समध्ये. तिला शॉकप आहेत, चांगले दोन आहेत. फक्त ते गिअरबॉक्सच्या खाली आडवे झोपवलेत, म्हणून दिसत नाहीत. आणि तिथे जागाच अशी की नेहमीसारखे दाबले जाणारे शॉकप चालेनात, म्हणून ते खड्डा आला की ताणले जातात. म्हणजे मागे सस्पेन्शन बसवायला जितकं डोकं लागलं, तितकंच ते नाहीये असं भासवायला लागलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे याच्या बरोब्बर उलटं असतं. वर चकाचक नवी स्क्रीन आणि आत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा कोड, ज्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. नव्याच्या आत जुनं लपवायची आम्हाला सवय आहे. जुन्याच्या आत नवं लपवायचं, तेही पैसे घालून, हे काय प्रकरण आहे ते मला बघायचं होतं. बघायला गेलो आणि एका बुडत्या कंपनीची गोष्ट हाती लागली.

आधी हा जुना चेहरा आला कुठून ते पाहू. विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन यांनी १९०३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत सुरुवात केली तेव्हा मोटरसायकल म्हणजे इंजिन लावलेली सायकलच होती. जास्त ताकद हवी म्हणून १९०९ मध्ये त्यांनी दोन सिलिंडरचं इंजिन आणलं. सायकलीच्या चौकटीसारख्या त्या चेसिसच्या मधल्या जागेत दोन सिलिंडर बसवायचे तर ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे, पण एकमेकांच्या जवळच ठेवावे लागणार. त्यांच्यात कोन ठेवला ४५ अंशांचा. दोन्ही पिस्टनचे दांडे क्रँकच्या एकाच पिनला जोडले. जागा वाचली, भाग कमी झाले.

या मांडणीचा एक परिणाम असा की स्फोट समान अंतराने होत नाहीत. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, म्हणजे ७२० अंशांत एकदा. दोन सिलिंडर असतील तर ३६०-३६० अशी वाटणी सगळ्यात सुटसुटीत. हार्लेत ती होते ३१५ आणि ४०५. दोन ठोके जवळजवळ, मग थोडा दम, पुन्हा दोन ठोके. अमेरिकन लोकांना त्यात ‘पोटॅटो-पोटॅटो’ ऐकू येतं. आपल्या आजोबांनी मोटरसायकलला फटफटी म्हटलं तेही आवाजावरूनच, पण फट-फट-फट हा एका सिलिंडरचा इमानदार ताल आहे. हार्लेचा ताल लंगडा आहे. (दुसऱ्या महायुद्धासाठी हार्लेने नव्वद हजारांच्या आसपास लष्करी गाड्या बनवल्या. युद्धानंतर भंगारात निघालेल्या अशा काही गाड्यांच्या मागे दिल्लीत डबा जोडून रिक्षा केल्या गेल्या आणि कित्येक वर्षं त्या चांदणी चौकापर्यंत माणसं वाहत होत्या. त्यांचं नाव ‘फटफटिया’. नाव ठेवणाऱ्यांनी लंगडेपणाकडे दुर्लक्ष केलेलं दिसतं.)

दुसरा परिणाम म्हणजे थरथर. ४५ अंशांत दोन्ही पिस्टन जवळपास एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात, त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याने पुसला जात नाही. ९० अंशांचा कोन असता तर बराचसा पुसला गेला असता. पण १९०९ साली ताशी किती मैल जाणार होती ती गाडी? कुणाला फरक पडत नव्हता.

तर असा तो एक जुना निर्णय, आणि त्याच्या भोवती पुढची पन्नास वर्षं एक एक गोष्ट चिकटत गेली. या गाड्यांची नावं वाचली तरी इतिहास कळतो, इतकी ती सरळ आहेत. १९४९ मध्ये पुढच्या चाकाला तेलावर चालणारे टेलिस्कोपिक फोर्क आले, गाडीचं नाव हायड्रा ग्लाइड. १९५८ मध्ये मागेही शॉकप आले, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे, नाव ड्युओ ग्लाइड. १९६५ मध्ये किक मारण्याऐवजी बटण आलं, नाव इलेक्ट्रा ग्लाइड. आमच्या रिलीज नोट्स इतक्या स्पष्ट असत्या तर माझे अर्धे कॉल वाचले असते. बटण आलं म्हणजे मोठी बॅटरी आली, वजन आणखी वाढलं. पण वजनाची फिकीर कुणी केली नाही, कारण एव्हाना या गाडीचं काम ठरून गेलं होतं. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं होतं. शेकडो मैल सरळ रस्ता, मध्ये गाव नाही. अशा रस्त्यावर दिवसभर बसायचं तर रुंद सीट, पुढे काच, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पाय पसरायला फूटबोर्ड आणि कमी आरपीएमला भरपूर ओढ असलेलं इंजिन लागतं. हलकी गाडी शेजारून ट्रक गेला की डोलते. जड गाडी रस्ता धरून राहते.

मग १९६९ उजाडलं आणि एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या.

होंडाने सीबी ७५० आणली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण स्टार्ट, तेलाचा थेंब गळत नाही. आणि त्याच वर्षी हार्ले-डेव्हिडसन एएमएफ नावाच्या कंपनीने विकत घेतली. एएमएफची ख्याती बोलिंगच्या खेळाची यंत्रं आणि असल्याच करमणुकीच्या सामानासाठी होती. त्यांनी उत्पादन झपाट्याने वाढवलं, पण जुन्या मशीनवर, तपासणीकडे कानाडोळा करून. कामगारांशी भांडणं झाली, संप झाला. शोरूममध्ये नव्याकोऱ्या गाडीखाली पुठ्ठा ठेवायची वेळ आली, कारण तेल गळायचं. १९७५ मध्ये होंडाची गोल्ड विंग बाजारात आली. हजार सीसी, चार सिलिंडर समोरासमोर आडवे, पाण्याने थंड होणारं इंजिन, चेनऐवजी शाफ्ट. चेनला तेल नको, ताण नको. लांबच्या प्रवासाला याहून सोयीची गाडी तोवर कुणी बनवली नव्हती. १९८० मध्ये तिला काच आणि पेट्या कारखान्यातूनच लागून येऊ लागल्या. म्हणजे इलेक्ट्रा ग्लाइडचं सगळं सामान होंडाने घेतलं आणि त्याच्याखाली तिच्याहून कितीतरी चांगली गाडी ठेवली.

कागदावर खेळ इथेच संपतो. मी हार्लेचा भक्त नाही, आणि १९८० साली अमेरिकेत असतो तर गोल्ड विंग घेतली असती असं आजही मला प्रामाणिकपणे वाटतं.

१९८१ मध्ये हार्लेच्याच १३ अधिकाऱ्यांनी मिळून कंपनी एएमएफकडून परत विकत घेतली. पुढाकार व्हॉन बील्स यांचा. त्या तेरांत विली जी. डेव्हिडसनही होते, संस्थापकांपैकी एकाचे नातू आणि डिझाइनचे प्रमुख. सुमारे आठ कोटी डॉलरचा सौदा, जवळपास सगळा कर्जावर. वर लगेच मंदी आली आणि विक्री कोसळली. या अवस्थेत त्यांच्या टेबलावर दोन प्रकल्प होते. एकाचं नाव नोव्हा. एएमएफच्या काळातच पोर्शच्या मदतीने सुरू केलेलं, पाण्याने थंड होणारं आधुनिक इंजिन, दोनपासून सहा सिलिंडरपर्यंत वाढवता येईल असं. जपान्यांना त्यांच्याच मैदानात गाठायचा हा डाव. दुसरा प्रकल्प म्हणजे तेच जुनं ४५ अंशांचं, हवेने थंड होणारं, एका पिनचं इंजिन, पण आतून नव्याने केलेलं. पैसे दोन्हींना पुरणार नव्हते.

आमच्या धंद्यात ही चर्चा दर दोन वर्षांनी होते. सगळं पाडून नव्याने लिहायचं, की आहे ते जागेवर ठेवून आतून एकेक भाग बदलायचा? पाडून लिहायच्या बाजूने बोलणारा नेहमी जास्त हुशार वाटतो. कधीकधी तो बरोबरही असतो.

हार्लेने नोव्हा गुंडाळला. १९८४ च्या मॉडेल्समध्ये इव्होल्यूशन इंजिन आलं. १३४० सीसी, ८८.८ मिलिमीटर बोअर, १०८ मिलिमीटर स्ट्रोक. स्ट्रोक बोअरपेक्षा इतका लांब ठेवला की इंजिन फार वर फिरत नाही, पण खाली जीव लावून ओढतं. बिडाच्या सिलिंडरच्या जागी अॅल्युमिनियमचे आले, उष्णता लवकर जाऊ लागली, तेल गळायचं थांबलं. आकार तोच, आवाज तोच.

आणि त्याच वर्षी सॉफ्टेल. तिच्या मागची कल्पना कंपनीची नव्हती. सेंट लुईसजवळचे बिल डेव्हिस नावाचे इंजिनिअर स्वतःच्या हौसेने या चेसिसवर सत्तरच्या दशकापासून काम करत होते. अमेरिकेतली पोरं तेव्हा जुन्या, मागे शॉकप नसलेल्या चेसिसवर गाड्या बांधायची, कारण ती सरळ तिरकी रेष दिसायला देखणी होती. पाठ मोडायची ती मोडू दे. डेव्हिस यांनी ती रेष राखली आणि पाठही वाचवली. १९८२ मध्ये हार्लेने त्यांचं डिझाइन विकत घेतलं. १९८६ च्या हेरिटेज सॉफ्टेलमध्ये पुढचे फोर्कही जाड पत्र्याच्या आवरणात घातले, थेट १९४९ च्या हायड्रा ग्लाइडसारखे. आता ती पुढून-मागून दोन्हीकडून आजोबांची गाडी दिसत होती.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली लपवाछपवी मात्र गाडीत नाही, कारखान्यात आहे. नव्या मालकांनी ओहायोमधल्या मेरिसव्हिलचा होंडाचा कारखाना जाऊन पाहिला. त्यांना वाटत होतं तिथे रोबो असतील, काहीतरी गुप्त तंत्र असेल. तिथे होती स्वच्छ फरशी, मोजकी कागदपत्रं आणि लागतील तेवढेच सुटे भाग लागतील तेव्हा आणायची शिस्त. हार्लेने ती पद्धत उचलली, नाव फक्त वेगळं दिलं. कामगारालाच तपासणीचा अधिकार दिला. म्हणजे जाहिरातीत गरुड आणि अमेरिकन स्वातंत्र्य, आणि आत होंडाचं कारखानाशास्त्र. जपानी माल नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला जपानी पद्धतीने बनवलेली अमेरिकन गाडी मिळाली आणि तो खूश झाला.

सरकारनेही हात दिला. १९८३ मध्ये रेगन यांनी ७०० सीसीच्या वरच्या परदेशी मोटरसायकलींवरचं शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेलं, पाच वर्षांत हळूहळू उतरेल अशा बेताने. जपानी कंपन्यांनी मुकाट्याने ७५० च्या गाड्या ७०० च्या आत बसवल्या. गोल्ड विंग तर ओहायोतच जोडली जात होती, तिला काहीच झालं नाही. तेव्हा या शुल्काने हार्ले वाचली असं जे सांगितलं जातं, ते मला पूर्ण पटत नाही. १९८५ च्या ३१ डिसेंबरला कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती, नवा कर्जदाता अगदी शेवटच्या क्षणी मिळाला. शुल्क तेव्हा लागू होतंच की. वेळ मिळाला तो शुल्कामुळे, गाड्या खपल्या त्या गाड्यांमुळे. १९८७ मध्ये हार्लेने स्वतःहून सांगितलं की आता हे शुल्क मुदतीआधी काढलं तरी चालेल. १९९४ च्या मॉडेल्समध्ये रोड किंग आली, काढता येणारी काच, दोन पेट्या, मोठा क्रोमचा हेडलॅम्प. आज डोळे मिटून ‘हार्ले’ म्हटलं की बहुतेकांना जे चित्र दिसतं ते तेच.

पण एक शंका उरतेच. हे नुसतं नाटक आहे का? १९८४ साली १९४९ चा वेष करून फिरणं?

मित्राच्या मामांकडे हेरिटेज सॉफ्टेल आहे. एकदा त्यांच्याबरोबर पुण्याहून कोल्हापूरला गेलो होतो आणि सातारा ओलांडल्यावर त्यांनी ती मला चालवायला दिली. मी सवयीप्रमाणे शंभरच्या पुढे नेली. मामा मागून म्हणाले, “अरे, हिला ऐंशीवर ठेव. ती तिथे खूश असते.” ऐंशीवर आणली. इंजिन दोन हजारांच्याही खाली गेलं. मग मला कळलं की ही गाडी हळू चालवावी लागत नाही, हळू चालवावीशी वाटते. वेगवान गाडीवर ऐंशीने जाताना आपण काहीतरी वाया घालवतोय अशी टोचणी असते. इथे ती नव्हती. शेतं दिसत होती, उसाच्या ट्रॉल्या दिसत होत्या, मामांशी थोडंफार बोलता येत होतं. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, लांबलचक व्हीलबेस हे सगळं जुनाट वाटतं खरं, पण दिवसभर आरामात बसून जाण्याच्या कामाला ते आजही चोख आहे. त्या रेषेत नाटक आहे, त्या स्ट्रोकमध्ये नाही.

मामांची गाडी या रस्त्यावर आली त्यालाही एक गंमतशीर कारण आहे आणि त्यात आपला हापूस आहे. अमेरिकेत भारतीय आंब्याला जवळपास १८ वर्षं दार बंद होतं, फळमाशी आणि कोयीतल्या भुंग्याच्या भीतीने. आणि भारतात हार्ले येत नव्हती, कारण एवढ्या मोठ्या मोटरसायकलींसाठी प्रदूषणाचे निकषच आपल्याकडे ठरलेले नव्हते. २००७ च्या एप्रिलमध्ये दोन्ही दारं एकदम उघडली. आंबा जायचा नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावहून. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने मुळात कांद्यासाठी उभारलेलं विकिरण केंद्र होतं, त्यात कोबाल्टच्या गॅमा किरणांतून पेट्या काढायच्या आणि विमानात चढवायच्या. मोटरसायकल मात्र लगेच आली नाही, कारण परवानगी मिळाली तरी कर-शुल्क मिळून किंमत दुपटीच्या आसपास जायची. २०१० मध्ये शोरूम उघडल्या, २०११ मध्ये हरयाणातल्या बावलला गाड्या जोडायला सुरुवात झाली. २०१८ मध्ये भारताने मोठ्या आयात गाड्यांवरचं शुल्क ७५ वरून ५० टक्क्यांवर आणलं, तरी ट्रम्प यांनी हार्लेचं नाव घेऊन तक्रार केलीच. ४९.४ टक्क्यांच्या आडोशाला उभी राहिलेली हीच ती कंपनी.

२०२० मध्ये हार्लेने बावलचं काम बंद केलं आणि इथली विक्री हिरो मोटोकॉर्पकडे सोपवली. शुल्क हे त्याचं एकच कारण नव्हतं. घरच्या बाजारातही तिचं गिऱ्हाईक म्हातारं होत चाललं होतं. १९८४ साली ज्यांच्या आठवणी विकल्या, ते आता सत्तरीत आहेत, आणि त्यांच्या नातवांना १९४९ ची हायड्रा ग्लाइड माहीतच नाही, तर तिची आठवण कुठून येणार? जुना चेहरा सोडायचे प्रयत्नही झाले. २००१ मध्ये पोर्शबरोबर केलेली, पाण्याने थंड होणारी व्ही-रॉड आली, म्हणजे नोव्हाचं भूतच म्हणा. इंजिन झकास होतं. जुन्या गिऱ्हाइकाने तिला कधीच आपलं मानलं नाही. जो निर्णय कंपनीला वाचवतो तोच पुढे तिला बांधून ठेवतो, हे मी रोजच्या कामात बघतो, फक्त आमच्याकडे त्याला क्रोम लावत नाहीत.

आवाजाचीही एक कथा आहे. १९९४ मध्ये हार्लेने त्या लंगड्या ठोक्याचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला. म्हणजे १९०९ साली जागा वाचवताना जे आपोआप झालं, ती आता कंपनीची मालमत्ता ठरणार होती. स्पर्धक कंपन्यांनी हरकती घेतल्या, भांडण सहा वर्षं चाललं आणि २००० मध्ये हार्लेने अर्ज मागे घेतला.

थरथरीचा हिशेब मात्र त्यांनी स्वतःच्या हातात ठेवला. २०१७ च्या मॉडेल्समध्ये मोठ्या टूरिंग गाड्यांना मिलवॉकी-एट हे नवं इंजिन आलं. आठ व्हॉल्व्ह, १७४५ सीसी, आत एक बॅलन्सर, म्हणजे इंजिनाच्या उलट्या बाजूला फिरून धक्के खाऊन टाकणारं वजन. इंजिनिअरांनी तो अशा बेताने लावला की मुख्य थरथर ७५ टक्के जावी. उरलेली २५ टक्के मुद्दाम राखली. आणि गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन आधी मिनिटाला हजार फेऱ्या मारायचं, ते साडेआठशेवर आणलं, म्हणजे दोन ठोक्यांमधला दम नीट ऐकू येईल.